६५ म्हणजे १०० पेक्षा कमी नव्हे

प्रश्न : माझे यजमान ५३ वर्षांचे असून त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या पावसाळ्यापासून त्यांच्या जांघेत आणि कमरेवर नायटा पसरला आहे. मिरजेतील त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांना इट्राकोनाझोल १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ एक अशी लिहून दिली. सकाळची कॅप्सूल ते चहा-बिस्किटाबरोबर घेत आणि रात्रीची जेवणानंतर. पित्तासाठी ते रोज उठल्याबरोबर पँटोप्राझोल घेतात आणि रात्री कोलेस्टेरॉलसाठी अॅटॉर्वास्टॅटिनची गोळी असते. सहा आठवडे झाले तरी फारसा फरक पडला नाही. दरम्यान आम्ही मुलीकडे पुण्याला गेलो असता गोळ्या संपल्या. तेथील केमिस्टने त्याच औषधाची ‘सुपर’ म्हणून ६५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिली आणि औषध तेच आहे असे सांगितले. ६५ कमी पडेल म्हणून यजमान गेले आठ दिवस सकाळी दोन आणि रात्री दोन घेत आहेत. खाज बरीच कमी झाली आहे, पण पायांवर थोडी सूज दिसते. मी जुनी कॅप्सूल उघडून पाहिली, तर आत नुसते बारीक पांढरे दाणे होते, त्यामुळे ती बनावट तर नव्हती ना, अशी शंका येते. माझ्या नणंदेला अन्ननलिकेतील बुरशीसाठी हेच औषध पातळ स्वरूपात मिळाले होते आणि ते उपाशीपोटी घ्यायला सांगितले होते. मग खरे काय, जेवून घ्यायचे की उपाशीपोटी? पित्ताची गोळी बंद करावी का? रक्त तपासून काही कळेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्व प्रश्नांकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट आजच करा. तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना फोन करून यजमान ६५ मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल रोज घेत आहेत, त्यांच्या पायांवर सूज आहे आणि अॅटॉर्वास्टॅटिन सुरू आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र सांगा. त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत प्रत्येक वेळची ती जादाची दुसरी कॅप्सूल घेऊ नये. सूज वाढली, चालताना किंवा रात्री आडवे झाल्यावर धाप लागली, डोळे पिवळसर दिसू लागले, लघवी गडद रंगाची झाली किंवा मांड्या-पोटऱ्या विनाकारण दुखू लागल्या, तर फोनवर थांबू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

आता याचे कारण सांगतो. ६५ हा आकडा १०० पेक्षा लहान असला, तरी ६५ मिलिग्रॅमची ती ‘सुपर’ कॅप्सूल रक्तात साधारणपणे तितकेच औषध पोहोचवते, जितके जुन्या पद्धतीची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल भरल्या पोटी घेतल्यावर पोहोचवते. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या रोजच्या २०० मिलिग्रॅमच्या जागी यजमानांनी सकाळी एक आणि रात्री एक अशा दोनच नव्या कॅप्सूल घ्यायच्या होत्या. ते चार घेत आहेत, म्हणजे जुन्या हिशोबाने रोजचे ४०० मिलिग्रॅम झाले. पाकिटावरचा आकडा कॅप्सूलमध्ये किती औषध भरले आहे एवढेच सांगतो. त्यातले किती रक्तात उतरेल, हे त्या औषधाला दिलेल्या रूपावर अवलंबून असते, आणि बुरशीविरोधी औषधांपैकी इट्राकोनाझोलच्या बाबतीत हा फरक फारच मोठा आहे.

इट्राकोनाझोल हे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे औषध आहे. थोडेफार विरघळते ते तीव्र आम्लात, आणि शरीरात असे आम्ल फक्त जठरात असते. तेथून पुढे आतड्यात गेल्यावर आम्लता नाहीशी होते. जे जठरात विरघळले नाही, ते आतड्यात विरघळण्याची आशा फारशी नसते, आणि जे विरघळलेच नाही ते शोषले जाणे शक्य नसते. म्हणूनच जुन्या पद्धतीच्या कॅप्सूलमध्ये नुसती भुकटी भरत नाहीत. साखरेच्या बारीक मण्यांवर औषध आणि एक बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) यांचा पातळ थर चढवतात, जेणेकरून औषध मोठ्या पृष्ठभागावर पसरलेले राहील आणि जठरात लवकर विरघळेल. तुम्ही कॅप्सूल उघडून पाहिलेले मोहरीएवढे पांढरे दाणे तेच होते. दाणे दिसणे ही बनावटीची खूण नाही. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅप्सूलमधील दाण्यांची संख्या, आकार आणि त्यांवरील थर यांत बराच फरक असल्याचे आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून दाखवले आहे. दाणे चांगले की वाईट हे घरी डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही, त्यामुळे कॅप्सूल उघडण्याचा खटाटोप करू नये आणि उघडलेली कॅप्सूल घेऊही नये. एखाद्या ब्रँडवर गुण येत असेल, तर उपचार संपेपर्यंत तोच चालू ठेवणे शहाणपणाचे.

जुन्या कॅप्सूलला दोन गोष्टी लागतात, पुरेसे आम्ल आणि पुरेसे जेवण. जेवणामुळे जठरात आम्ल स्रवते, कॅप्सूल तेथे अधिक वेळ थांबते आणि जेवणातील स्निग्धांशामुळे पित्तरस येऊन औषध शोषले जाण्यास मदत होते. चहा आणि दोन बिस्किटे हे या दृष्टीने जेवण नव्हे. यजमानांची सकाळची कॅप्सूल जवळजवळ उपाशीपोटीच जात होती. सकाळी भरपेट न्याहारी होत नसेल, तर ती दुपारच्या जेवणानंतर लगेच घ्यायला हवी होती. उपवासाच्या दिवशी नुसत्या केळ्यावर किंवा ताकावर घेतलेल्या कॅप्सूलचेही तेच होते. अशा दिवशी काय करायचे हे डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण २०० मिलिग्रॅमचा पूर्ण डोस एकाच जेवणानंतर देणे अनेकदा शक्य असते.

परंतु तुमच्या घरातील खरी अडचण बिस्किटांपेक्षा मोठी आहे आणि ती रोज सकाळी उठल्याबरोबर घेतली जाते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या जठरातील आम्ल तयार करणारी यंत्रणाच बंद करतात. निरोगी व्यक्तींवर केलेल्या चाचणीत रोज ४० मिलिग्रॅम ओमेप्राझोल दिल्यावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलमधून रक्तात पोहोचणारे औषध जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटले होते. पँटोप्राझोल याच कुळातील आहे आणि आम्ल कमी करण्याचे कामही तसेच करते. आपल्याकडे ही गोळी एखाद्या टॉनिकप्रमाणे वर्षानुवर्षे चालू राहते, ती कोणी आणि कशासाठी सुरू केली होती हेही पुष्कळदा कोणाला आठवत नाही, आणि डॉक्टरांनी ‘आणखी कोणती औषधे घेता?’ असे विचारल्यावर तिचे नाव सांगायचेच राहून जाते. नायट्याच्या उपचाराला यश न येण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत ही न सांगितलेली पित्ताची गोळी मी सर्वांत आधी शोधतो.

सकाळी पँटोप्राझोल आणि रात्री कॅप्सूल असे अंतर ठेवले तर चालेल का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. चालत नाही. पित्तासाठी जे गुलाबी किंवा पांढरे पातळ औषध पितात, ते जठरातील आम्ल तेवढ्यापुरते मारते, म्हणून तेथे काही तासांचे अंतर पुरते. पँटोप्राझोलचा परिणाम मात्र एका गोळीने पूर्ण दिवस आणि त्याहून जास्त टिकतो. गोळी रोज चालू असेल, तर दिवसातील कोणतीही वेळ कॅप्सूलला अनुकूल नसते. फॅमोटिडिनसारख्या गोळ्यांचाही परिणाम याच दिशेने होतो.

ज्यांना आम्ल कमी करणारे औषध थांबवणे शक्यच नाही, त्यांनी जुनी कॅप्सूल साखरेच्या कोलाबरोबर घ्यावी, अशी सूचना मूळ कंपनीच्या अमेरिकेतील माहितीपत्रकात आहे, कारण कोला पुरेसा आम्लधर्मी असतो. सूचना शास्त्रशुद्ध असली, तरी रोज दोन वेळा साखरेचे पेय मधुमेही माणसाला सुचवण्याचे धाडस मी करणार नाही.

तेव्हा पित्ताची गोळी बंद करावी का? स्वतःच्या मनाने नको. ती जुन्या अल्सरसाठी, रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर जठराच्या संरक्षणासाठी किंवा अन्ननलिकेच्या दाहासाठी दिली असेल, तर ती थांबवण्याने नायट्यापेक्षा मोठे संकट ओढवू शकते. केवळ सवयीने चालू असेल, तर डॉक्टर ती थांबवतील. अनेकदा बंद केल्यावर काही दिवस आंबटपणा उसळून येतो, त्याची कल्पना असलेली बरी. आणि ती चालू ठेवणे भाग असेल, तर औषधाचे रूप बदलणे हाच सरळ मार्ग आहे.

त्या बदललेल्या रूपाचेच नाव ‘सुपर’. यात इट्राकोनाझोल अशा बहुवारिकात मिसळलेले असते, जे जठराच्या आम्लात नव्हे तर लहान आतड्याच्या कमी आम्लतेत औषध मोकळे करते आणि तेथे ते पुन्हा साका होऊन बसणार नाही याची काळजी घेते. त्यामुळे या रूपाला जठरातील आम्लाची गरज राहत नाही. ओमेप्राझोलबरोबर तपासले असता त्याची रक्तातील पातळी घटली तर नाहीच, उलट किंचित वाढली. माणसामाणसांमधला फरकही या रूपात कमी असतो. एकाच डोसवर एकाच्या रक्तात भरपूर औषध आणि दुसऱ्याच्या रक्तात नगण्य, ही जुन्या कॅप्सूलची जुनी खोड यात बरीच आटोक्यात येते. किंमत जास्त असते, हे खरे. गंमत अशी की याच तंत्राची ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधील कॅप्सूल ५० मिलिग्रॅमची आहे आणि तीही जुन्या १०० च्या जागी दिली जाते, तर अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेली ६५ ची आहे. आपल्या बाजारात ५०, ६५, १३० असे निरनिराळे आकडे दिसतात. म्हणून आकडा पाहून औषध कमी-जास्त ठरवणे रुग्णाने सोडून द्यावे. कोणत्या पाकिटातील किती कॅप्सूल, हे डॉक्टरांनी चिठ्ठीत रूपासकट लिहायला हवे आणि केमिस्टने तेच द्यायला हवे. चिठ्ठीवरच विकायच्या औषधाऐवजी मनाने दुसरे औषध देण्याची मुभा केमिस्टला नाही, मग त्यातला मूळ घटक तोच का असेना.

आता यजमानांच्या बाबतीत काय घडले असावे, ते ढोबळ हिशोबाने पाहू. कागदावर त्यांना रोज २०० मिलिग्रॅम मिळत होते. पँटोप्राझोलमुळे त्यातले शोषण जर एक-तृतीयांशावर आले असेल, तर प्रत्यक्षात जणू ७० च्या आसपासच मिळत होते, आणि सकाळच्या चहा-बिस्किटांमुळे त्याहूनही कमी. नंतर नवी कॅप्सूल आली, तिला पँटोप्राझोलचा अडथळा नाही, आणि वर ती दुप्पट घेतली गेली, म्हणजे जुन्या हिशोबाचे ४००. शरीरात पोहोचणारे औषध अशा रीतीने आठवड्याभरात पाच-सहा पटींनी वाढले असणे सहज शक्य आहे. त्यात इट्राकोनाझोलचा आणखी एक स्वभाव असा, की डोस वाढला की यकृताची ते मोडण्याची क्षमता अपुरी पडू लागते आणि रक्तातील पातळी डोसच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढते. ही पातळी स्थिर व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो. तुमचे आठच दिवस झाले आहेत, म्हणजे पातळी अजून चढतीच असणार. फोन आजच करा असे मी म्हटले, ते यासाठी.

खाज कमी झाली हे चांगले लक्षण आहे, परंतु त्यावरून चार कॅप्सूल लागतातच असा निष्कर्ष काढू नका. दोन कॅप्सूलनेही कदाचित तेवढाच गुण आला असता. जुने औषध निरुपयोगी होते असेही यातून सिद्ध होत नाही, कारण ते पुरेसे रक्तात पोहोचलेच नसावे.

सुजेचा विचार मात्र गांभीर्याने करायला हवा. इट्राकोनाझोल हृदयाच्या स्नायूचा जोर काही प्रमाणात कमी करू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये याविषयी इशारा दिला, आणि ज्यांचे हृदय आधीच कमकुवत आहे त्यांना केवळ त्वचेच्या किंवा नखांच्या बुरशीसाठी हे औषध देऊ नये, असा संकेत आहे. तुमच्या पत्रात रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेख नाही, परंतु अॅम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगा. इट्राकोनाझोल त्याची पातळी वाढवते आणि अॅम्लोडिपिनने एरवीही पाय सुजतात. अॅटॉर्वास्टॅटिनचेही तसेच आहे. इट्राकोनाझोलबरोबर त्याची रक्तातील मात्रा तिप्पट किंवा त्याहून जास्त होते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून उपचार चालू असेपर्यंत डॉक्टर ती गोळी बहुधा थांबवतात, कमी करतात किंवा बदलतात. सिम्व्हास्टॅटिन तर याबरोबर चालतच नाही. या सर्व गोष्टी योग्य डोसलाही लागू आहेत. डोस नकळत कित्येक पटींनी वाढल्यावर त्या अधिकच लागू होतात. यकृताच्या तपासण्या झाल्या नसतील, तर त्या करून घेण्याविषयी विचारा.

तुमच्या नणंदेच्या औषधाचा उलगडा आता सोपा होईल. पातळ औषधात इट्राकोनाझोल सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या, आतून पोकळ रचनेच्या शर्करेत बसवून आधीच विरघळवलेले असते. आम्लाची आणि जेवणाची मदत त्याला लागत नाही, उलट जेवणाबरोबर घेतल्यास ते कमी शोषले जाते, म्हणून ते उपाशीपोटी. कॅप्सूल जेवून आणि द्रावण उपाशी, ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. नव्या ‘सुपर’ कॅप्सूलबाबत तुमच्या पाकिटातील माहितीपत्रकात आणि चिठ्ठीत जे लिहिले आहे ते पाळा. बहुतेक वेळा तीही जेवणाबरोबरच घ्यायला सांगतात. द्रावण आणि कॅप्सूल एकमेकांच्या जागी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम वापरता येत नाहीत, आणि सायक्लोडेक्स्ट्रिनमुळे अनेकांना जुलाब होतात. त्यामुळे नणंदेच्या कपाटात उरलेली बाटली नायट्यासाठी काढू नये.

रूप बदलले की डोस बदलतो, याची याहून गंभीर प्रचिती महाराष्ट्राने २०२१ मध्ये घेतली आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, शेकडो रुग्णांना अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या इंजेक्शनांनंतर घरी पोसाकोनाझोल हे दुसरे बुरशीविरोधी औषध घ्यावे लागले. हे औषध पातळ स्वरूपातही मिळते आणि आतड्यात विरघळणाऱ्या गोळीच्या स्वरूपातही. पातळ औषध दिवसातून अनेक वेळा आणि तेही स्निग्ध जेवणाबरोबर घ्यावे लागते. उपाशीपोटी घेतले, तर त्याचा जेमतेम चौथा हिस्सा रक्तात पोहोचतो. ज्या रुग्णाचा वरचा जबडा शस्त्रक्रियेत काढावा लागला आहे, त्याने भरपेट स्निग्ध जेवण कसे घ्यावे? गोळीचे शोषण चांगले असते आणि पित्ताच्या औषधांनी ते घटत नाही, पण ती चुरून नळीतून देता येत नाही. गोळीचा डोस पहिल्या दिवसानंतर रोज एकदा ३०० मिलिग्रॅम असतो, पातळ औषधाचा ८०० मिलिग्रॅमपर्यंत. हा फरक लक्षात न घेता एकाच्या जागी दुसरे दिल्याने झालेल्या चुकांविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ च्या जानेवारीत स्पष्ट सूचना काढली होती. तुमच्या घरात घडले ते याच जातीचे आहे, फक्त सुदैवाने आजार नायट्याचा आहे.

रक्त तपासून कळेल का? तत्त्वतः कळेल. फुफ्फुसातील किंवा शरीरभर पसरलेल्या बुरशीच्या आजारांत ही पातळी मोजतात, आणि इट्राकोनाझोलसाठी ती साधारण दोन आठवडे औषध स्थिर चालल्यावर मोजतात. पँटोप्राझोल चालू असताना, गुण येत नसताना ती मोजणे अशा आजारांत जवळजवळ आवश्यक मानले जाते. नायट्यासाठी मात्र ती नेहमी लागत नाही. औषध त्वचेच्या बाह्य थरात आणि तेलग्रंथींच्या स्रावात साठते आणि बंद केल्यावरही तेथे दोन ते चार आठवडे राहते, त्यामुळे त्वचेवरचा परिणाम केवळ एका दिवसाच्या रक्तपातळीवरून ठरवता येत नाही. शिवाय यकृतात तयार होणारा त्याचा एक घटकही बुरशीवर काम करतो, आणि प्रयोगशाळा तो मोजते की नाही यावर आकडा बदलतो. मोठ्या शहरांतील मोजक्याच प्रयोगशाळांत ही तपासणी होते. ती करायची की नाही, हे डॉक्टरांवर सोडा. त्यापेक्षा औषध कोणत्या रूपात, कशाबरोबर आणि कशाच्या जोडीने घेतले जाते, हे ठीक करणे स्वस्त आणि अधिक उपयोगाचे आहे.

औषधाची पातळी सुधारूनही नायटा हटला नाही, तर कारणे दुसरीकडे शोधावी लागतील. केमिस्टकडून मिळणारी स्टिरॉइडमिश्रित मलमे, आटोक्यात नसलेली शुगर, घरातील इतरांचा न तपासलेला नायटा आणि अलीकडे भारतभर पसरलेला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हा चिवट प्रकार, ज्यावर टर्बिनाफिन हे नायट्याचे नेहमीचे औषध अनेकदा चालत नाही, ही त्यांतली मुख्य. शेवटच्या कारणामुळेच इट्राकोनाझोलवर सध्या एवढी भिस्त आहे, आणि त्यामुळेच ते अर्धवट शोषले जाणे परवडणारे नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही पाकिटे, पँटोप्राझोलसह सर्व चालू गोळ्या आणि वापरलेली मलमे पिशवीत घालून घेऊन जा. जुन्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल उरल्या असतील, तर त्या संपवण्यासाठी एक ही आणि एक ती अशा मिसळून देऊ नका. पुढे कोणते रूप चालू ठेवायचे हे डॉक्टरांनी ठरवले, की दुसरे पाकीट बाजूला काढा.